बँकॉक नगरींतील अन्नोदक

ज्यांतील एकहि मूल परदेशीं नाहीं, अशीं घरें आतां आमच्या वर्धा जिल्ह्यांतहि कमी होत चाललीं आहेत. आईबाप सहा-आठ आठवडे मुलाकडे जाऊन येतात, आणि परतल्यावर काय पाहिलें तें उत्साहानें सांगतात. पण तेथें पोटांत काय घातलें, असें विचारलें कीं विषय बदलतात. यामुळें या महिन्याचें लेखन त्याच विषयावर करावें असें योजिलें.

आमचे धाकटे चिरंजीव बँकॉक येथें नोकरीस आहेत. २०२४ सालच्या भाद्रपदाच्या अखेरीस सौ. व मी अल्लीपूर सोडून त्यांच्याकडे गेलों. निघतांना सौ.नीं एकच अट घातली होती. चाळीस वर्षें न चुकलेला नवरात्राचा फलाहार तेथें चुकतां कामा नये. मी स्वतः नऊ दिवस उपवास करीत नाहीं. कांदा-लसूण वर्ज्य करून निरामिष जेवतों, एवढेंच. बरोबर भाजणी, मेतकूट, वरीचे तांदूळ व राजगिऱ्याचे लाडू घेतले होते. परंतु दिवसभर नगर पाहत हिंडावयाचें म्हणजे बाहेर खाण्याचा प्रसंग यावयाचाच.

तेथील लोक आपल्या राजधानीस 'क्रुंग थेप महानखॉन' म्हणतात. यांतील थेप म्हणजे आपला 'देव' आणि नखॉन म्हणजे 'नगर'. शब्दाच्या शेवटीं येणाऱ्या रकाराचा उच्चार ते नकारासारखा करतात, हा नियम एकदां ध्यानांत आला कीं अर्ध्या पाट्या उलगडूं लागतात. जेवणास ते 'आहान' म्हणतात, तो आपला 'आहार' होय; लिहितांना शेवटचा र कायम असतो. शाकाहारास त्यांचा शब्द 'मंग्सविरत'. हा 'मांसविरति' आहे हें कळलें तेव्हां जन्मभर शिकविलेल्या संस्कृताचें सार्थक झालेसें वाटलें! नातू मात्र हंसून म्हणाला, "आजोबा, शब्द ओळखूं आला म्हणून ताटांतलें ओळखूं येतें असें नाहीं."

तो खरा ठरला. तिसऱ्याच दिवशीं एका भोजनालयांत मीं त्याच्या मदतीवांचून, मोठ्या आत्मविश्वासानें, नुसत्या भाज्या मागविल्या. ताटांत भाज्याच होत्या, चवहि चांगली होती. घरीं आल्यावर सूनबाईंनीं खोदून विचारलें, तेव्हां उलगडा झाला. त्या देशांत मिठाच्या जागीं 'नाम प्ला' घालतात. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मासे मिठांत मुरवून काढलेला तो रस. आमटीसारख्या रश्श्यांच्या वाटणांत 'कापि' म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा असतो, आणि कच्च्या पपईची जी प्रसिद्ध कोशिंबीर 'सोम तम', तींत सुकी कोळंबी पडते. वाढणाऱ्यानें फसविलें असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या लेखीं मांस म्हणजे तुकडा. रस हें मीठच. मला मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. सौ. एवढेंच म्हणाल्या, "अजून घट बसले नाहींत, तोंवर कळलें हें बरें."

बौद्धांच्या देशांत असें कां, असा प्रश्न वाचकांस पडेल. तेथील भिक्षु थेरवादी आहेत. भिक्षेंत पडेल तें घ्यावें. प्राणी आपल्यासाठीं मारलेला पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला, तरच तें मांस टाळावें, असा त्यांचा विनय सांगतो. निरामिष भोजनाची कडक चाल तेथें चिनी लोकांनीं नेली. तिला 'जे' म्हणतात. या 'जे'मध्यें मांस, मासे, अंडीं, दूध तर नाहींच, शिवाय कांदा व लसूणहि नाहीं! चातुर्मासांत आमच्या आजीनें पाळलेले नियम चिन्यांच्या दुकानांत पाळलेले पाहून मी चकित झालों.

त्याहून मोठें नवल पुढेंच होतें. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हें 'जे'चें व्रत असतें, आणि तो महिनाहि आपल्याप्रमाणें अमावास्येनंतर लागत असल्यामुळें हे दिवस बहुधा आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंतच पडतात. त्यांचा अधिकमास व आपला अधिकमास निरनिराळ्या वर्षीं आला म्हणजे मेळ चुकतो. २०२५ सालीं तो महिन्याभरानें चुकला. २०२४ सालीं मात्र दोन्ही व्रतें ३ ऑक्टोबर रोजींच लागलीं. यावरात या चिनी वस्तींतील रस्ता त्या दिवशीं पिवळ्या पताकांनीं भरून गेला होता. पताकेवर तांबड्या रंगांत जें अक्षर असतें, तें इंग्रजी सतराच्या आंकड्यासारखें दिसतें, तेंच 'जे'. तें पाहून बसावें. मीं नऊ दिवस तेथें निःशंक जेवण केलें. सोयाबीनचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे करण्याची त्यांची हौस मात्र मला रुचली नाहीं. जें सोडलें त्याचें चित्र ताटांत कशाला?

सौ.चा प्रश्न याहून अवघड होता, कारण त्यांस धान्य चालत नव्हतें. फळांची ददात नाहीं. पपनस सोलून, पाकळ्या मोकळ्या करून विकतात, पेरू, पपई, केळीं, अननस मुबलक. पण पांचव्या माळेस एका फूटपाथवर गाडीवर वाफाळणारे साबूदाण्याचे मोतीदार गोळे दिसले. ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो, तो त्या देशांत अमाप पिकतो, हें मीं सांगितलें होतें. सौ.चा चेहरा उजळला. हात पुढें झाला, तोंच नातू ओरडला, "आजी, नको! त्यांत मू आहे!" मू म्हणजे डुकराचें मांस. पदार्थाचें नांव 'साकू साय मू'. वरून साबूदाणा, आंत तें सारण.

हा नातू घरीं मांसाहार करतो. येथें अल्लीपुरास त्यावरून बरेंच बोलणें झालें होतें. त्यांतील बराचसा भाग माझाच होता. त्या दिवसापासून मात्र तो आजीच्या पुढें चार पावलें चालूं लागला. प्रत्येक गाडीवर थांबून तो विचारी, चिठ्ठी वाची, आणि मग मागें वळून मान हलवी. आजीनें त्याच्यावांचून एक केळें सुद्धां घेतलें नाहीं.

एका गोष्टीचें मला अजून वाईट वाटतें. 'कप्राव' नांवाचा जो पाला मांसाबरोबर परतून भातावर घालतात, तो दुसरा तिसरा नसून आपली तुळस आहे. मीं पान हातांत घेऊन वास घेतला. सौ.स सांगितलें नाहीं.

पेयांविषयीं थोडें. शहाळें सर्वत्र मिळतें. 'ताकराय' म्हणून गवती चहाचा काढा गार करून देतात, आणि 'अनचान' हें गोकर्णाच्या फुलांचें निळेंशार पाणी. त्यांत लिंबू पिळलें कीं जांभळें होतें. चहा मागितल्यास आटविलेल्या दुधाचा, बर्फ घातलेला, केशरी रंगाचा येतो व फार गोड असतो. 'जे'च्या दुकानांत दूध नसल्यामुळें तेथें सकाळीं सोयाबीनचें ऊन दूध घ्यावें. आपला चहा हवा असेल तर फाहुरातला जावें. ही हिंदी लोकांची कापडपेठ. तेथील श्री गुरुसिंग सभेच्या गुरुद्वारांत सकाळीं लंगर असतो. कोणीहि बसावें, सर्व निरामिष. नवमी झाल्यावर सौ.नीं पहिला घांस तेथेंच, पंगतींत मांडी घालून, घेतला. वाढणारे सरदारजी "माताजी, और लीजिए" म्हणत होते, आणि त्या नको म्हणत नव्हत्या.

निघण्याच्या आदल्या रात्रीं नातवानें एका पुठ्ठ्यावर थाई लिपींत चार ओळी लिहून दिल्या: आम्ही 'जे' खातों, नाम प्ला घालूं नये, कापि घालूं नये, अंडें घालूं नये. या शेवटल्या ओळीखालीं त्यानें देवनागरींत टीप दिली आहे, "आजोबा, त्यांच्या भाषेंत अंड्याला 'खाय' म्हणतात, म्हणून मराठींत 'खाय' म्हणूं नका." कार्ड मजपाशीं आहे. ज्यांस तिकडे जावयाचें असेल त्यांनीं या मासिकाच्या पत्त्यावर लिहावें, नक्कल करून पाठवीन.