अभ्यासातही अव्वल असलेल्या फुटबॉलपटूंना मिळणारा कॅम्पबेल करंडक काय आहे?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मोठा मान म्हणजे हाईझमन करंडक. तो मैदानावरच्या खेळासाठी मिळतो. पण आणखी एका करंडकासाठी खेळाडूची मार्कशीटही बघितली जाते, तो म्हणजे विल्यम व्ही. कॅम्पबेल करंडक. (इथं फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे, तर हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल.)

निकष काय आहेत?

नॅशनल फुटबॉल फाउंडेशन १९९० पासून हा पुरस्कार देतं. खेळाडू पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणारा हवा. ४ पैकी किमान ३.२ ग्रेड, संघात महत्त्वाचं स्थान आणि समाजात नेतृत्व, हे सगळं लागतं. अंतिम यादीतल्या प्रत्येकाला पुढच्या शिक्षणासाठी १८ हजार डॉलर मिळतात, विजेत्याला २५ हजार. पेटन मॅनिंग (१९९७) आणि जस्टिन हर्बर्ट (२०१९) हे याचे मानकरी.

मग प्रश्न कुठे आहे?

तिथं कॉलेजच्या खेळाडूला ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणतात. १९५० च्या दशकात हा शब्द रूढ केला तो कॉलेज क्रीडा संघटना एनसीएएनं. जखमी खेळाडूला कर्मचारी मानून भरपाई द्यावी लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे हे लिहून ठेवलं.

‘स्टुडंट’ या शब्दाचं काय झालं, हे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात दिसलं. तिथं १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. हजेरी नाही, प्राध्यापक नाहीत, फक्त एक निबंध द्यायचा. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएनं शैक्षणिक गैरप्रकारासाठी विद्यापीठाला शिक्षा केली नाही. कारण काय, तर हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी खुले होते!

आता काय बदललंय?

२०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते. जून २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यापुढे २५ हजारांची शिष्यवृत्ती किरकोळ वाटते.

तरीही करंडकाचं मोल कळतं ते जॉन उर्शेलकडे बघून. २०१३ चा हा विजेता पुढे बाल्टिमोर रेव्हन्सकडून खेळला, २६ व्या वर्षी निवृत्त झाला, एमआयटीतून गणितात पीएचडी केली आणि आज तिथंच प्राध्यापक आहे.

पण करंडक दरवर्षी एकालाच मिळतो. व्यावसायिक संघात न पोचणाऱ्या हजारो खेळाडूंच्या हाती राहते ती फक्त पदवी. ती खरी असेल का, याची जबाबदारी विद्यापीठांचीच आहे.