पिसाच्या तोलाचे हृदय

जळगावच्या सराफ बाजारात गुंजभर सोन्याचा फरकही नजरेतून सुटत नाही. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी असाच काटेकोर तराजू परलोकाच्या दारी उभा केला. त्याच्या एका पारड्यात मृताचे हृदय आणि दुसऱ्या पारड्यात शहामृगाचे एक पीस!

हे पीस ‘माआत’ या देवतेचे चिन्ह. माआत म्हणजे सत्य, न्याय आणि सृष्टीची सुव्यवस्था. आनी नावाच्या लेखनिकाचा, इसवी सनापूर्वी सुमारे १२५० मधील पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात कोल्हमुखी अनुबिस काटा पाहतो, थोथ निकाल लिहून घेतो आणि खोट्या ठरलेल्या हृदयाचा घास घ्यायला अम्मित टपून बसलेली दिसते.

शहामृग खानदेशालाही परका नव्हता. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे, नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले.

न्यायाच्या वेळी मृताला ४२ देवतांसमोर आपण कोणकोणती पापे केली नाहीत हे सांगावे लागे. ‘वजनात व काट्यात फेरफार केला नाही’ ही ग्वाहीही त्यांत असे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक मापणे. नाईलचा काठ असो वा तापीचा, व्यापाऱ्याच्या मोहाची जागा एकच!

पण पुढे वाटा वेगळ्या होतात. इजिप्तमध्ये मृताच्या छातीवर भुंग्याच्या आकाराचा दगडी ताईत ठेवीत. ‘हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ अशा आशयाचा मंत्र त्यावर कोरलेला असे. हृदयाला सर्व ठाऊक असते, हे त्यांनी ओळखले होते; म्हणूनच त्याला गप्प बसवण्याची ही तजवीज.

प्रतिक्रमणात नेमके उलटे घडते. तेथे माणूस ‘मी केले नाही’ असे म्हणत नाही. झालेले दोष स्वतः आठवतो, त्यांची निंदा करतो आणि ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. त्यासाठी मृत्यूची वाट पाहावी लागत नाही.

दुकानातील वजनांवर सरकारी शिक्का ठराविक मुदतीने पुन्हा घ्यावा लागतो. अंतःकरणाच्या काट्याची तपासणी मात्र रोज, दुकान बंद करताना, ज्याची त्यानेच करायची असते.