गुणगुण येते कुठून?
गिटारचे पेडल हजारो रुपये मोजून घ्यायचे आणि वीज मात्र मिळेल त्या अडाप्टरवरून द्यायची, ही काटकसर अंगाशी येते. एकाच अडाप्टरवर पाच पेडलची माळ लावली की सगळ्यांचं ग्राउंड एकच; मग डिजिटल डिलेच्या क्लॉकची बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये शिरते आणि तिथे कैकपट फुगते. डिस्टॉर्शनला ९ व्होल्टची बॅटरी लावून पाहा; शिट्टी थांबली तर चोर सापडला. मग माळेऐवजी पॉवर सप्लाय घेताना त्याचे आउटपुट खरोखर आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून वेगळे, आहेत का, हे खोदून विचारा (‘सगळे सारखेच असतात हो,’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे काणाडोळा करा). मिलिअँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर बिघडत नाही, व्होल्ट मात्र नेमकेच हवेत. आणि पॉझिटिव्ह ग्राउंडचा जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ असेल, तर त्याला माळेत ओवूच नका. सप्लाय सरळ शॉर्ट होतो.