घासाघिशीचे पुण्य

दिवाळी पंधरवड्यावर आली, की आमच्या महिला मंडळाच्या खोलीत टेबले मांडली जातात. लोकरीची टोपडी, मोजे, बाळाचे स्वेटर, क्रोशाची तोरणे, ताटावर झाकायचे रुमाल असा सारा संसार त्यांवर ओळीने बसतो. मागे भिंतीवर पाटी असते : 'सर्व उत्पन्न विद्यार्थिनी वसतिगृहाच्या मदतीसाठी.' पाटीची अक्षरे मोठी असतात आणि वाचता न येणारे गिऱ्हाईक मी तेथे अद्याप पाहिलेले नाही. तरीही पाटी वाचून झाल्यावर पहिला प्रश्न येतो तो हाच : "शेवटचा भाव काय?"

गेल्या वर्षी एक बाई आल्या. अंगावर उंची साडी, बोलणे गोड. मी विणलेला बाळाचा स्वेटर त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"काकू, एवढ्याशा स्वेटरचे दोनशे?"

"हातचा आहे हो. आणि पैसे वसतिगृहाला जायचेत."

"ते खरंच! पण बाजारात मशीनचा याहून स्वस्त मिळतो. दीडशे घ्या."

टेबलावरच्या आमच्या मैत्रिणीने दीडशेला तो देऊन टाकला. जाताना बाई म्हणाल्या, "चांगल्या कामाला आपलाही हातभार!"

रात्री मी हिशेबाची वही काढली. लोकर आणि बटणे मिळून १८० रुपये. दोन आठवडे रोज रात्री एक तास, म्हणजे चौदा तास विणकाम. वसतिगृहाच्या पदरात पडले १५०. याचा अर्थ असा, की मी एक टाकाही घातला नसता आणि लोकरीचे पैसे तेवढे पेटीत टाकले असते, तर वसतिगृहाला तीस रुपये अधिक मिळाले असते. चौदा तास डोळे फोडून मी त्या मुलींचे तीस रुपयांचे नुकसान केले! आणि त्या बाई? लोकरीच्या किमतीपेक्षाही कमी पैशांत स्वेटर घेऊन गेल्या, वर दानाचे पुण्य फुकट. मग दान नेमके कुणी केले आणि कुणाला?

हा प्रश्न मी मंडळात काढला तेव्हा गहजब झाला. "सत्कार्यात हिशेब कसला?" "हौसेला मोल नसते." ही दोन वाक्ये मी जन्मभर ऐकत आले आहे. पण गंमत पाहा. मांडववाल्याला आपण भाडे देतो, छापखान्याला पत्रकांचे पैसे देतो, लोकरीच्या दुकानदाराला तर आधी रोख मोजतो. त्यांच्यापैकी कुणालाही 'हौसेला मोल नसते' असे ऐकवण्याची आपली छाती नाही. साऱ्या सत्कार्यात हिशेबाबाहेर राहतो तो एकटा बाईचा हात.

मी फुकट विणण्याविरुद्ध आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यांनी कुणी मजुरी मागितली नाही आणि मागायचीही नव्हती. पण तो स्वेटर टेबलावर मांडला गेला नव्हता. सुईवरून उतरला तो कुडकुडणाऱ्या अंगाकडेच निघाला. ते देणे होते. विकायला मांडलेली वस्तू ही विक्रीच असते, आणि विक्रीला विक्रीचे नियम लागतात.

क्रोशाचीच एक जुनी हकीगत सांगते. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याचे पीक सडले आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. क्लोन्स या गावी धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ च्या सुमारास गोरगरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवण्याची व्यवस्था केली. ती लेस विकून उपाशी घरांत चूल पेटली. तेव्हा परोपकार याचा अर्थ विणणारीच्या कामाला दाम मिळवून देणे असा होता. आपण तो उलटा करून टाकला आहे : विणणारीचे काम बिनदामी घ्यावे, हाच आपला परोपकार!

आणि हा बिनदामीपणा मंडळाच्या खोलीतच राहत नाही. क्रोशाचे काम अजूनही हातानेच होते. दुकानात दिसणारा खऱ्या क्रोशाचा रुमाल कुठल्या तरी बाईने आकडीवर टाका टाका करून विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या अशा बायकांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची लेस साता समुद्रांपलीकडे विकली जात होती. पण विणणारी मात्र 'घरी बसलेली गृहिणी' आणि तिचे काम 'फावल्या वेळचे' असे समजून तिच्या हातावर क्षुल्लक पैसे टेकवले जात. आम्ही हौशी बायका जेव्हा दीडशेला स्वेटर सोडतो, तेव्हा पोटासाठी विणणाऱ्या बाईचाही भाव आम्हीच पाडतो. गिऱ्हाईक उद्या तिला सांगणार, "मंडळात तर दीडशेला मिळतो!"

याच महाराष्ट्रात दुसरे उदाहरणही आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढची लिज्जत. तेथे लाटणारीला लाटण्याचा मोबदला मिळतो. पापड लाटणे हेही घरचेच काम ना? मग लाटण्याला मोल आणि सुईला नाही, हे कुठले शास्त्र?

दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. कुणी विचारले, "किती वेळ लागला हो?" तर आपणच लाजून म्हणतो, "काही नाही, टीव्ही बघता बघता झालं." स्वतःच्या चौदा तासांवर आपणच बोळा फिरवतो! शिवाय कुणाला काय हवे, हेही आपण विचारीत नाही. टीव्ही आता कागदासारखा चपटा होऊन भिंतीला चिकटला, तरी त्याच्या डोक्यावर घालायचे झालरीचे रुमाल आमच्याकडे अजून विणले जातात. ते कुणी घेत नाही म्हणून भाव उतरवावा लागतो, आणि त्यांच्याबरोबर चांगला स्वेटरही उतरतो.

म्हणून यंदा मंडळात मी तीन गोष्टी मांडल्या. हवे तेच विणावे. लोकरीच्या किमतीखाली एकही वस्तू देऊ नये. आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावावी : लोकर किती, तास किती, किंमत किती. दोन मते माझ्या बाजूने पडली. त्यांतले एक माझेच.

तरी माझ्या स्वेटरवर चिठ्ठी लागली आहे. 'लोकर १८० रुपये, विणकाम १४ तास, किंमत ४५० रुपये. भाव होणार नाही.' तो विकला गेला तर उत्तमच. न गेला, तर शेजारच्या नव्या बाळाच्या अंगावर दिवाळीच्या पहाटे चढेल, आणि लोकरीचे १८० रुपये मी पेटीत टाकीन. त्या मुलींचे गेल्या वर्षापेक्षा तीस रुपये तरी अधिक होतील.