जावा बेटावरील मेनोनाइट : शेजाऱ्यांच्या संमतीचा प्रश्न

इंडोनेशियाच्या धर्म व गृह या दोन मंत्रालयांनी २००६ साली प्रार्थनास्थळांविषयी एक संयुक्त नियम काढला. नवे प्रार्थनास्थळ उभारावयाचे असेल तर त्याचा वापर करणाऱ्या किमान ९० जणांची नावे व ओळखपत्रे द्यावीत आणि परिसरातील ६० रहिवाशांचा पाठिंबा मिळवावा, अशी अट त्यात घातली गेली. नियम सर्व धर्मांना सारखाच. परंतु ज्या देशात सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत, तेथे ती ६० नावे कोणाला सहज मिळतील आणि कोणाला मिळणार नाहीत, हे वेगळे सांगावयास नको.

अशा या देशात मेनोनाइट नावाचा एक लहानसा ख्रिस्ती पंथ जवळजवळ पावणेदोनशे वर्षे टिकून आहे. त्याच्या तीन ख्रिस्तसभा असून सभासद सुमारे एक लाख आहेत. आपल्या अनेक वाचकांना हे नाव अपरिचित असेल. (भारतातही मेनोनाइट आहेत. छत्तीसगडमधील धमतरी येथे १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे कार्य सुरू झाले.) २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक येथे काही जणांनी, बालपणीचा बाप्तिस्मा पुरेसा नाही असे मानून, एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. पुढे १५३६ मध्ये मेनो सायमन्स या कॅथलिक धर्मगुरूंनी आपले पद सोडले व ते या चळवळीस मिळाले. त्यांच्यावरून पंथाला नाव पडले. शस्त्र हाती घ्यावयाचे नाही, शपथ वाहावयाची नाही आणि श्रद्धेला राजसत्तेचा आधार शोधावयाचा नाही, ही त्यांची शिकवण होय. यासाठी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राजवटींनी त्यांना जाळले, बुडविले. आपण कॅथलिकांनी हा इतिहास माहीत करून घेणे अगत्याचे आहे. कॅथलिक ख्रिस्तसभा व मेनोनाइट यांच्यात १९९८ ते २००३ या काळात अधिकृत संवाद झाला, आणि २०२५ मध्ये त्या चळवळीला ५०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा पोप लिओ चौदावे यांनी झुरिकला संदेश पाठविला. त्यात सामायिक इतिहासातील जखमांकडे प्रामाणिकपणे पाहण्याचे आवाहन होते.

जावा बेटावर हा पंथ नेला तो पीटर यान्स या डच शिक्षकाने. ते १८५१ साली तेथे पोहोचले आणि उत्तर किनाऱ्यावरील जेपारा परिसरात स्थिरावले. त्यांनी बायबलचे जावानीज भाषेत भाषांतर केले, पण त्यांच्याकडे येणारे थोडेच होते. त्याच काळात केलुद पर्वतावर तपाचरण केलेले तुंगुल वुलुंग नावाचे एक जावानीज साधक ख्रिस्ताचे अनुयायी झाले. त्यांनी जंगल तोडून ख्रिस्ती गावे वसविली. त्यांची शिकवण यान्स यांना पसंत नव्हती. तिच्यात जुन्या जावानीज गूढविद्येचा अंश फार, असे त्यांचे मत होते. तथापि लोक तुंगुल वुलुंग यांच्यामागे अधिक गेले. पुढे विसाव्या शतकात कुदुस या गावी ते सिएम तात या चिनी व्यापाऱ्याने १९२० साली बाप्तिस्मा घेतला व चिनी समाजात स्वतंत्र मंडळी उभी राहिली. कुदुस हे मुसलमानांचे पवित्र स्थान असून त्याचे नावच जेरुसलेमच्या अरबी नावावरून आलेले आहे. हिंदूंच्या भावनांचा मान राखून गाय न कापण्याची प्रथा तेथील मुसलमानांनी पाळली आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

या सलोख्याला तडा गेला तो मार्च १९४२ मध्ये. डच सत्ता कोसळत होती, जपानी सैन्य उतरत होते, आणि ख्रिस्ती म्हणजे डचांचे लोक या समजुतीने जमावांनी मुरिया परिसरातील ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले केले. तायु येथील मिशनचे इस्पितळही जाळले गेले.

आता सोलो शहराकडे वळू. तेथे हिज्बुल्लाह नावाचे एक कट्टर मुस्लिम दल होते. मेनोनाइट पाळक पाउलुस हार्तोनो त्याच्या कमांडरला भेटावयास गेले, तेव्हा तुम्ही काफिर आहात, तुमचा जीव घेणे मला मुभा आहे, असे त्यांना ऐकावे लागले. हार्तोनो पुन्हा गेले. चहा घेत बसले. पुन्हा गेले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने आचे प्रांत उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी दलाला एकत्र मदतकार्याचे निमंत्रण दिले. आचे हा शरियतचा अंमल असलेला प्रांत. तेथे ख्रिस्ती आणि हिज्बुल्लाहचे कार्यकर्ते एका छताखाली राहिले व घरे बांधू लागले. हे काफिर चांगले निघाले, अशा अर्थाचे उद्गार कमांडरने नंतर काढले. शब्द जुनाच राहिला, पण त्याच्यापुढे विशेषण लागले! २०१५ साली या अनुभवावर एक पुस्तकही निघाले आणि त्याच्या दोन लेखकांपैकी एक मुसलमान आहेत.

मात्र अशा मैत्रीने हक्काचा प्रश्न सुटतो, असे आम्हांस वाटत नाही. बोगोर शहरातील यास्मिन ख्रिस्तसभेचे (ही मेनोनाइट नव्हे, रिफॉर्म्ड परंपरेची) उदाहरण घ्यावे. तिच्याजवळ बांधकामाची परवानगी होती; २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णयही दिला. तरी मंदिराचे कुलूप निघाले नाही. अखेर मंडळीला दुसरी जागा देण्यात आली आणि तेथील नवे मंदिर एप्रिल २०२३ मध्ये, ईस्टरला, खुले झाले. न्यायालयाच्या निर्णयानंतर बारा वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि मूळ जागा ती नव्हेच.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस जाकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत गेले व मुख्य इमाम नसरुद्दीन उमर यांच्यासह त्यांनी सलोख्याच्या घोषणापत्रावर स्वाक्षरी केली. मशीद व समोरचे कॅथलिक कॅथेड्रल यांना जोडणारे भुयार त्याच परिसरात आहे. त्यापूर्वी दोन वर्षे, जुलै २०२२ मध्ये, जगभरच्या मेनोनाइटांनी आपले अधिवेशन जावातील सालातिगा येथे भरविले होते. महामारीमुळे प्रत्यक्ष उपस्थितांची संख्या मर्यादित ठेवावी लागली. बाकीचे आपापल्या देशांतून संगणकावर सहभागी झाले.