डब्यातलं प्रोटीन, रक्तातलं प्रोटीन

प्रोटीन म्हटलं की हल्ली पावडरचा डबा आठवतो. खाल्लेलं प्रथिन मात्र जसंच्या तसं अंगी लागत नाही. आतड्यात त्याची अमिनो आम्लं सुटी होतात आणि पेशी त्यांतून आपल्याला हवी ती प्रथिनं जुळवतात. एखादं अन्न पचवतं, एखादं स्नायू आखडतं, एखादं शिरलेल्या जंतूला पकडतं. कोणत्या जागी कोणतं आम्ल, हे जनुकं ठरवतात. त्या क्रमावर प्रथिनाचा आकार ठरतो आणि आकारावर काम.

क्रम चुकला की काय होतं, ते विदर्भातली आणि नंदुरबारकडची कितीतरी घरं सोसत आहेत.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की झाला सिकलसेल. इतका बारीक फरक व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ साली दाखवून दिला. ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं फुटतील अशा वेदना. एरवी १२० दिवस टिकणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते, म्हणून रक्तही कमी.

गावातल्या शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की संशय. ती व्यक्ती रुग्ण की नुसती वाहक, हे पुढच्या तपासणीत कळतं. इथेच सरकारी मोहीम तोकडी पडते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सिकलसेल निर्मूलनासाठी २०४७ची मुदत ठेवली आहे. पण तपासणीच्या निकालाचं नुसतं कार्ड हातात ठेवून भागत नाही. वाहक सहसा धडधाकट असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि दोष आई-बाप दोघांकडून आलेला. हे सासरच्यांना नीट समजावलं नाही, तर बोल सुनेलाच लागणार.

पावडरीने यातलं काही सुधारत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र शरीराला गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवायला लावते, आणि ते त्या तंतूंत गुंतत नाही. गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, अधूनमधून रक्तही तपासायचं. त्यासाठी रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालायला लावू नयेत. दोन्ही सोयी प्राथमिक आरोग्य केंद्रातच हव्यात.