कमानीला खोपा लटकत नाही

थोर माणूस एखाद्या वाटेने गेला, की वाटेवरच्या गावाला कमान हवीशी वाटते, हा आपल्या मुलखाचा जुना छंद आहे. कमान उभी राहते, नारळ फुटतो, हारतुरे होतात; आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्या एका खांबावर शिकवण्यांच्या जाहिराती आणि दुसऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटतात. आता ही हौस पक्ष्यापाखरांच्या अभ्यासकांपर्यंत येऊन पोचली आहे. पेण-रोह्याकडे चार शिकलेली माणसे जमली, की कोणीतरी म्हणतोच, "अहो, जेम्स फोर्ब्स आपल्या बाजूला येऊन गेला, सलीम अली किहीमला राहिले, त्यांच्या वाटेवर आपण काहीतरी उभारायला हवे!" मी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही नात्यांनी त्या 'काहीतरी उभारण्या'ला माझा कडाडून विरोध आहे.

माणसे मोठी, याबद्दल वाद नाही. फोर्ब्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. 1771 साली तो आपल्या जिल्ह्यात होता. महाडजवळच्या दासगावला राहिला, अलिबागेत राघोजी आंग्र्यांचा वाडा आणि बागा पाहून गेला. कंपनीच्या वह्यांतून मान वर काढून त्याने झाडे, फुले, पाखरे चितारली आणि 1813 साली 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार खंडांचा ग्रंथ छापला. टांगते घरटे विणणाऱ्या सुगरणीचे त्यात मोठे कौतुक आहे.

त्यानंतर 159 वर्षांनी, 1930 साली, त्याच जिल्ह्यात सलीम अली किहीमला होते. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन आलेले हे गृहस्थ तेव्हा नोकरीवाचून होते. पण कपाळाला हात लावून न बसता ते सुगरणींच्या खोप्यांसमोर ठाण मांडून बसले. त्यांना काय दिसले? खोपा विणतो तो नर! अर्धे काम झाले, की माद्या घर बघायला येतात. जिच्या पसंतीस उतरेल ती संसार मांडते, आत मऊ अस्तर घालते. इकडे नर खोप्याची नळी पुरी करतो आणि लगेच शेजारी दुसरा खोपा, दुसरा संसार! (वाचक भगिनींनी यातले नराच्या विणकामाचे वाक्य यजमानांना जरूर वाचून दाखवावे, शेवटचे नको.)

विनोद बाजूला ठेवू. आपण पिढ्यान् पिढ्या 'सुगरण' म्हणत आलो आणि घर कोण विणते हे बघायला थांबलो नाही. जो थांबला, त्याला कळले. मग अशा थांबून पाहण्याचे स्मारक सिमेंटचे कसे होणार?

सुगरणीला हवी असते शिंदी-ताडाची लोंबती झावळी, नाहीतर पाण्यावर झुकलेली बाभूळ. आणि विणायला गवताची, भाताच्या पात्यांची धाटे. पेणवरून, नागोठण्यावरून, कोलाडवरून जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणाला 2011 साली हात घातला, त्यात सावलीची किती जुनी झाडे आडवी झाली! रस्ता हवाच, पण झाडे पाडून मोकळ्या केलेल्या वाटेवर निसर्ग-अभ्यासकाच्या नावाची कमान बांधणे म्हणजे आईला उपाशी ठेवून तिच्या नावे अन्नदान करणे होय.

"पण मास्तर, दगडावर नाव नसेल तर पोरांना ते कळणार कसे?" हा प्रश्न मला नेहमी टाकला जातो. नाव पोरांना ठाऊक आहे! 2020 पासून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. पोरे भाषणे घडाघडा म्हणतात. शाळेमागच्या बाभळीवर यंदा खोपे किती, हे विचारा. सारा वर्ग छताकडे बघतो.

कोणी शेतकरी म्हणेल, सुगरण आमचे दाणे खाते. खाते, खोटे कशाला बोलू? पण पिलांना ती किडेही भरवते, आणि ते किडे त्याच शेतातले असतात.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कमानीचा पैसा शिंदीच्या आणि बाभळीच्या रोपांवर खर्चा. जून ते सप्टेंबर खोप्याच्या झाडाला कुऱ्हाड लावू नका. प्रत्येक शाळेत एक वही ठेवा. झाड कोणते, खोपे किती, एवढेच त्यात दरसाल लिहा. आणि दिवाणखाना सजवायला खोपा तोडून आणू नका. दिवाळीत तो रिकामा दिसतो खरा, पण त्यात मुनियांसारखी इवली पाखरे रात्रीच्या वस्तीला येतात.

तेव्हा वाचकहो, फराळ आटोपला, की मुलाचे बोट धरून गावाबाहेर पडा आणि वाटेवरचे खोपे मोजा. आकडा लिहून ठेवा. पुढल्या दिवाळीत तो घटला, तर कमानीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन माझ्या दारी येऊ नका.